दस्तगीर मास्तरांचा दुसरा ‘अन’

मास्तर, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. दुःखात माणसाची झोप उडते असं ऐकलं होतं, माझं उलटंच झालंय. भिंतीला पाठ टेकली की डोळा लागतो. बायको जेवायला हाक मारते, मी उठतो, जेवतो आणि पुन्हा टेकतो. दोन दिवसांपासून शाळेतही जात नाही. का जात नाही तेच सांगायला लिहायला बसलोय, पण एकदम तिथवर पोचायची ताकद नाही. तुम्ही शाळेची चढण चढताना मध्ये दगडावर बसायचात, तसं मला थोडं बसत बसत येऊ द्या.

तुमच्याविषयी कुठं काही छापून येणार नाही हे तुम्हालाही ठाऊक होतं. शेख दस्तगीर, निजामाच्या अमलातल्या एका आडगावच्या शाळेत इंग्रजी आणि उर्दूचे मास्तर. सरकारी दप्तरात एवढीच ओळ आहे आणि तिच्या शेवटी ‘खोट्या सह्यांबद्दल बडतर्फ’ असं लिहिलेलं आहे. ते शेवटचं माझ्यामुळं लिहिलं गेलं. हे तुम्हाला, मला आणि माझ्या बायकोला सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि तुम्ही तर कुणाला सांगणार नव्हताच.

मी नळदुर्गपासून दोन कोसांवरच्या त्या गावात आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. तुम्ही चाळिशीला टेकलेले. मी माकणीचा, लिंगायताच्या घरातला. घरात कानडी, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू, आणि इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं पाठ करून परीक्षेनंतर सोडून दिलेलं. तरी हेडमास्तरांनी लहान वर्गांचं इंग्रजी माझ्याच गळ्यात मारलं. मी तोंड पाडून पायरीवर बसलो होतो. तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, “कायकू घाबरतो रे शिवप्पा? पोरांपेक्षा एक पान जास्ती आलं की मास्तर होता येतं. ते एक पान मी देतो तुला रोज.”

आणि दिलंत. शाळा सुटल्यावर त्याच पायरीवर, रोज. मी कंटाळायचो. खरं सांगायचं तर मला शिकायची फारशी हौस नव्हती, नोकरी टिकली म्हणजे झालं एवढाच माझा विचार. तुम्हाला मात्र शब्दांचं वेड. एखादा इंग्रजी शब्द हातात आला की तो उकलून बघितल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागायचा नाही.

त्या पायरीवर तुम्ही मला ‘अन’ शिकवलात. शब्दाच्या आधी लागणारी ती दोन अक्षरं. हॅपीचं अनहॅपी, काइंडचं अनकाइंड, फेअरचं अनफेअर. मी म्हणालो, सोपं आहे, म्हणजे ‘नाही’. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुबाबात वर्गात जाऊन सांगितलं, शब्दाच्या आधी अन लावा. पोरांनी पाट्या दाखवल्या. निम्म्याहून जास्त पोरांनी ती दोन अक्षरं शब्दाच्या उजव्या टोकाला चिकटवलेली. मी छडी उचलली. तुम्ही शेजारच्या वर्गातून आलात, पाट्या पाहिल्या आणि माझ्या हातातली छडी काढून घेतलीत. “पोरांचं काय चुकलं? दोन साल झाले, उर्दूत उजवीकडून लिवत्यात. त्यांचा आरंभ तिकडंच हाय. आपण आधी लावा म्हणलो, डावीकडं लावा असं म्हणलो न्हाय.” मग तुम्ही इतके हसलात की पोरंही हसायला लागली. मी मात्र दिवसभर फुगून होतो.

तुमची शिकवण्याची रीतच वेगळी होती. पुस्तकातल्या यादीवर तुमचा भरवसा नव्हता. तुम्ही पोरांना म्हणालात, इंग्रजांना अन आहे तसं तुमच्या घरातही आहे, शोधून आणा. ना, बे, गैर, बिन, नि, अ. बाजाराच्या दिवशी पोरं कान टवकारून हिंडली. दुसऱ्या दिवशी कोण नालायक घेऊन आलं, कोण बेइमान, कोण गैरहजर, कोण बिनकामाचा. बहुतेक शब्द आईच्या तोंडून स्वतःलाच मिळालेले. एकानं नापास आणलं आणि तुम्ही त्याची पाठ थोपटलीत, की बघा, फारसी ना आणि इंग्रजी पास, दोघांचा संसार आपल्या गावात झाला. शेवटच्या बाकावरच्या तेल्याच्या पोरानं नाक आणलं होतं. ज्याच्याकडं क नाही ते नाक. वर्ग खिदळला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्याला समोर उभं केलंत आणि म्हणालात, “ह्यानं सगळ्यात मोठी गोष्ट आणली. दिसतंय तसं सगळंच नसतंय. इंग्रजीत अंकल हाय, त्याचं पहिलं टोक अनसारखंच दिसतंय, पण त्यात मामा न्हाय असं कुठं म्हणायचं हाय?” ते पोर आठवडाभर छाती काढून चालत होतं.

मग आपण ती वही धरली. तीन रकाने. एकात इंग्रजी, एकात उर्दू, एकात मराठी. उर्दूतून शिकणाऱ्या मराठी पोरांना इंग्रजी उपसर्ग कसे समजावेत, अशी वही आजवर कुणी केली नसेल असं तुम्ही म्हणायचात. कुणी करायची गरजही नाही असं मी म्हणायचो. तरी रोज बसायचो. तुमचं अक्षर सुरेख, म्हणून उर्दूचा आणि इंग्रजीचा रकाना तुमचा, मराठीचा माझा.

भांडण दुसऱ्या ‘अन’वरून सुरू झालं. तुम्ही अनटायपाशी अडलात. म्हणालात, “शिवप्पा, हा अन निराळा हाय. अनहॅपी म्हणजे खूश नसलेला. पण अनटाय म्हणजे बांधलेलं नसलेलं असं न्हाय. आधी बांधलेलं पायजे, मग कुणीतरी येऊन सोडलं पायजे. पहिल्याला काय करावं लागत न्हाय, नुसतं नसलं की झालं. दुसऱ्याला हात लागत्यात.”

मी म्हणालो, बैल सुटला की सुटला, कुणी का सोडेना. पोरांना एकच अन सांगू, गोंधळ नको.

“न्हाय,” तुम्ही म्हणालात. “दोन सांगायचे.”

असा वाद आपण किती वर्षं घातला असेल. अनलॉक, अनरोल, अनडू, असे शब्द तुम्ही माझ्यासमोर मांडायचात, आणि मी मुद्दाम म्हणायचो की ह्याला मराठीत उपसर्ग नाही, आमच्याकडं सरळ सोडणं असतं, काढणं असतं, तेव्हा हा रकाना मोकळाच राहू द्या. एकदा तुम्ही आमच्या घरी आला होतात. माझी बायको दारात बसून झबल्याची शिवण काढत होती आणि सासूला म्हणाली, चुकीचं शिवलंय, उसवते. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. शिवणं आणि उसवणं. घरी जाताना वाटेतून परत आलात आणि दारातूनच ओरडलात, उकलणं, उलगडणं, उघडणं, सगळ्यांच्या आधी उ. “तुमच्या बायकांच्या तोंडात हाय रे, आणि तू म्हणतो रकाना मोकळा ठेव.” मी म्हणालो, मग उडणं आणि उठणं ह्यांचं काय? तुम्ही म्हणालात, “नाक आठव.” मी हरलो होतो, पण कबूल केलं नाही. ते आज करतो. तो रकाना मी तुमच्यासमोर कधीच भरला नाही, नुसत्या हट्टापायी.

आता हजेरीबद्दल लिहायला हवं.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, पण आपल्या शाळेत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्या वेळी आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी दुपारी तुम्ही नळदुर्गला दर्ग्याला जायचात, तेव्हा तुमची दुपारची सही मी करायची. मी गुरुवारी संध्याकाळी माकणीला जमीन बघायला जायचो आणि शनिवारी उन्हं चढल्यावर परतायचो, तेव्हा माझी सकाळची सही तुम्ही करायची. हाजिरीच्या वहीत आपण दोघं कधीच गैरहजर नव्हतो. हेडमास्तर वही बघून नुसते खाकरायचे. वर्ग कधी रिकामा राहिला नाही, एकाचे वर्ग दुसरा घ्यायचा. माझी उर्दू सही माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त चांगली जमायची. मी तर तुम्हाला म्हणायचो, तुमची बघून मी आता माझी सुधारतो.

मग ते गडबडीचं वर्ष आलं. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. आमच्या गल्लीतली घरं एकेक करून सोलापूरकडं निघाली. बायकोला सातवा महिना होता. ज्या सकाळी आम्ही निघालो त्या सकाळी मी तुमच्या दारात आलो आणि म्हणालो, मास्तर, यांना सासऱ्यांकडं सोडून येतो, तोवर माझी सही सांभाळा. शनिवारपर्यंत येतो. तुम्ही म्हणालात, “हौ, जा. सहीची फिकर नको.”

मी चार महिन्यांनी आलो.

चार महिने तुम्ही रोज माझी सही केलीत. निजामाची सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेलेला सरकारी नोकर म्हणजे फितूर, असे ते दिवस होते. अशा माणसाचं नाव कटायचं, घराला सील लागायचं. टोळीतली माणसं एकदा शाळेत आली होती आणि त्यांनी विचारलं होतं, तो माकणीवाला कुठं आहे. तुम्ही वही उघडून त्यांच्यासमोर धरलीत आणि म्हणालात, हा बघा, आजची सही, आत्ताच बाजारात गेलाय. हे मला नंतर शाळेच्या शिपायानं सांगितलं. तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत. मला तुमचे आभार मानायचे होते. मी येऊन फक्त एवढंच म्हणालो, जमलं का सगळं? आणि तुम्ही म्हणालात, जमलं.

फौज आली, निजामाचा अमल गेला, गेलेली माणसं परत आली. परत आलेल्यांत सगळेच शहाणे नव्हते. दोन आठवडे तुम्ही घराबाहेर पडला नाहीत. मी सकाळ-संध्याकाळ तुमच्या ओट्यावर बसून राहायचो. दोनदा काठ्या घेतलेली पोरं आली आणि मला बघून मागं फिरली. लोक अजून त्याचं कौतुक करतात. मला ते नकोसं होतं, कारण पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे. काठीसमोर बसायला मला जमलं. कागदासमोर जमलं नाही.

नळदुर्गकडचा तुमचा धाकटा भाऊ त्या दिवसांत मारला गेला. तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात तेव्हा पायरीवर नुसते बसून होतात. मी वही आणली. कुठलाही विषय हवा होता मला, म्हणून म्हणालो, तुमच्या दुसऱ्या अनचं पुढं लिहू या. तुम्ही बोटानं जमिनीवर रेघा काढत राहिलात. मग म्हणालात, “इंग्रजांनी टायला अन लावलं, लॉकला लावलं, फोल्डला लावलं. ईटला न्हाय लावलं. किलला बी न्हाय. त्यांना समजत होतं कुठवर लावायचं ते.” त्या दिवशी आपण काही लिहिलं नाही. मी वही परत कपाटात ठेवली.

नंतर तो तपासणीचा दिवस. नव्या अमलात सुट्टी रविवारची झाली होती, हेडमास्तर नवे आले होते, आणि वरून एक साहेब वह्या तपासायला आले. गडबडीच्या काळात कोण शाळेत होतं, कोण नव्हतं, कुणाच्या मदतीला कोण होतं, सगळं त्यांना बघायचं होतं. गावातल्या दहा माणसांनी सांगितलं, शिवप्पा मास्तर सोलापूरला होते. आणि वहीत माझ्या चार महिन्यांच्या सह्या. त्या महिन्यांत पगार कुणालाच आला नव्हता, तेव्हा पैशाचा प्रश्नच नव्हता. तरी साहेबांना वाटलं, ह्यात काहीतरी डाव आहे. एक मुसलमान मास्तर पळून गेलेल्या हिंदू मास्तराच्या सह्या कशाला करेल?

आपल्याला दोघांना एकदमच आत बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, ह्या सह्या कुणाच्या? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “माझ्या हायत. शिवप्पाला यातलं कायबी म्हाईत न्हाय.” आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही ह्यांना सांगितलं होतं का सही करायला?

मी नाही म्हणालो.

एवढंच. ह्यापेक्षा जास्त काही मी केलं नाही. मला अजून त्या खोलीतलं टेबल दिसतं, टाक दिसतो, साहेबांनी टीपकागद दाबला तो दिसतो. का नाही म्हणालो ह्याची कारणं मी बायकोला सांगितली, स्वतःला सांगितली. घर लुटलेलं होतं, मूल चार महिन्यांचं होतं, नव्या लोकांसमोर एकदा नाव खराब झालं की संपलं, आणि तुम्हीच तर तसं सांगितलं होतंत. सगळी खरीच आहेत. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “घरी जा. लेकरू लहान हाय.” मी गेलो.

महिन्याभरात हुकूम आला. नव्या हेडमास्तरांनी तो सकाळच्या प्रार्थनेनंतर अंगणात वाचून दाखवला. शिस्तीसाठी, असं ते म्हणाले. सगळी पोरं रांगेत उभी होती. तुमची लेक जैबुन चौथीत होती, तीही रांगेत होती. खोट्या सह्या, सरकारची फसवणूक, बडतर्फ. मी माझ्या वर्गाच्या रांगेमागं उभा होतो. मी पुढं आलो नाही.

त्यानंतर दीड वर्ष. आधी मी रोज तुमच्याकडं यायचो, मग आठवड्यातून दोनदा, मग बाजाराच्या दिवशी. तुम्ही कुणाची पत्रं वाचून द्यायचात, मोटार थांबते तिथं झाडाखाली बसून अर्ज लिहून द्यायचात. शिकवणीला पोरं कुणी धाडली नाहीत, खोट्या सहीच्या मास्तराकडं कोण धाडणार. मी आलो की तुम्ही शाळेचं विचारायचात. तिसरीला कोणता धडा चाललाय, तेल्याचं पोर काय करतं. मला तुमच्याकडं येण्याचा कंटाळा यायला लागला होता, मास्तर. हे सांगताना लाज वाटते. तुम्ही एकदा तरी शिवी दिली असती तर मी जास्त आलो असतो.

शेवटचा आलो तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळलेले. छातीत घरघर होती. भाबी आत चूल फुंकत होत्या. तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, “शिवप्पा, मला एक सापडला. अनसे. से म्हणजे बोलणं. त्याला बी त्यांनी अन लावलंय. बोललेलं परत घ्यायचं. बघ, किलला लावला न्हाय, पण सेला लावलाय.” आणि माझ्याकडं बघत राहिलात. मी म्हणालो, बरं आहे, आठवणीनं वहीत घेतो, आता पडून राहा. मग मी पावसापाण्याचं बोललो.

तुम्ही मला वाट काढून देत होतात का? की नुसता शब्द सापडल्याचा आनंद होता? तुमचं काही सांगता यायचं नाही. मरताना माणसाला शब्द सापडला म्हणून आनंद होऊ शकतो, हे तुमच्याबाबतीत मी सहज मानीन. पण तुमची नजर मला अजून टोचते. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, मास्तर, मी त्या दिवशी खोटं बोललो, उद्या जाऊन खरं सांगतो. तेवढं ऐकून तुम्ही गेला असतात. मी पावसाचं बोललो.

तुमच्या मातीला मी आलो होतो. मूठभर माती टाकली. लोक बाजूला सरून मला जागा देत होते, दोघांची दोस्ती होती म्हणून.

तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुआसाठी तुमच्या घरी आलो. माणसं पांगल्यावर भाबींनी मला थांबवलं. पदर डोक्यावर नीट ओढून त्या म्हणाल्या, “शिवप्पाभाई, एक काम हाय तुमच्याकडं. शाळेत तो कागद वाचला होता ना. पोरं जैबुनला अजून झूट्या मास्तरची म्हणून चिडवत्यात. आता बाप बी गेला. ती जात न्हाय म्हणती शाळेत. तुमचं ऐकत्यात पोरं. जरा दटावा त्यांना.”

मी विचारलं, मास्तरांनी तुम्हाला कधी सांगितलं का, सह्या का केल्या ते?

“लई इचारलं मी. एकच म्हणायचे, चूक झाली. आमी भांडलो बी त्यावरून. मी म्हणलं, घरदार बुडवलंत, कशापायी ते तरी सांगा. न्हाय सांगितलं.”

घरातसुद्धा सांगितलं नव्हतं तुम्ही. मी दीड वर्ष धरून चाललो होतो की भाबींना सगळं ठाऊक आहे आणि त्या मोठ्या मनानं मला चहा देतात. त्या मला तुमचा दोस्त म्हणून चहा देत होत्या आणि तुम्हाला दोष देत होत्या. मला तिथं बसवेना. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. भाबी, मीच म्हणालो होतो त्यांना सही करा म्हणून. माझ्यासाठी केल्या. साहेबांपुढं मी नाही म्हणालो.

भाबी आत वळल्या. चुलीपाशी गेल्या, जाळ मागं ओढला, परत आल्या. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील, आणि मी त्याला तयार होतो. त्या एवढंच म्हणाल्या, “मंग हे मला सांगून काय उपेग? जिथं तो कागद वाचला, तिथं सांगा.”

मला दहा दिवस लागले. एक पान लिहायला दहा दिवस. रोज लिहायचो आणि त्यात कुठंतरी बायकोचा सातवा महिना यायचा, लुटलेलं घर यायचं, आणि मी ते फाडायचो, कारण ती कारणं वाचली की लोक मला माफ करतील आणि तुम्ही पुन्हा मागं पडाल. शेवटी पाच ओळी राहिल्या. हेडमास्तरांना दाखवल्या. माणूस वाईट नाही. त्यांनी दोनदा वाचल्या आणि म्हणाले, मास्तर, गेलेला माणूस गेला, तुम्ही कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता. फारच वाटत असेल तर कचेरीला पाठवू. पोरांसमोर नको.

मी म्हणालो, तो कागद पोरांसमोरच वाचला होता.

ते म्हणाले, मी परवानगी देऊ शकत नाही. मी बरं म्हणालो.

परवा सकाळी प्रार्थना झाली आणि रांगा मोडायच्या आत मी पुढं जाऊन उभा राहिलो. कागद दोन्ही हातांनी धरला. दस्तगीर मास्तरांनी सह्या माझ्या सांगण्यावरून केल्या. मी जिवाच्या भीतीनं पळालो होतो, त्यांनी माझी नोकरी आणि घर वाचावं म्हणून केल्या. साहेबांनी विचारल्यावर मी खोटं बोललो. शिक्षा त्यांना झाली. ती माझी होती. एवढंच होतं. लहान पोरांना काहीच कळलं नाही, ती पाय बदलत उभी राहिली. मोठी पोरं एकमेकांकडं बघत होती. शिपायानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. हेडमास्तरांनी माझ्या हातून कागद घेतला, घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाले, आता वरून हुकूम येईपर्यंत शाळेत येऊ नका. मी तिथंच माझ्या कपाटाची किल्ली त्यांना दिली.

नोकरी जाईल बहुधा. बायकोनं फक्त माकणीची जमीन किती आहे ते विचारलं. तुमच्या नावापुढचं ‘बडतर्फ’ कधी पुसलं जाईल, पुसलं जाईल की नाही, ह्याचा काही नेम नाही. दप्तरातलं मला जमेल असं वाटत नाही. पण गावात आता निदान कुणी तुम्हाला झूटा म्हणणार नाही, म्हणायचंच असेल तर मला म्हणतील.

एक राहिलं. भाबींनी त्या सकाळी जैबुनला जबरदस्तीनं शाळेत आणलं होतं. त्या फाटकाबाहेर उभ्या होत्या आणि पोरगी रांगेत होती. पोरं वर्गात गेल्यावर ती माझ्याकडं आली. तुमच्यासारखीच मान किंचित वाकडी करून बघते. वर्गात शंका विचारतात तसं तिनं विचारलं, “मास्तर, अब्बा होते तवाच का न्हाय बोललाव?”

 खरं सांगतो, त्या वेळी मी तुमची वाट बघितली. इतकी वर्षं कुणी मला अडचणीचं विचारलं की तुम्हीच मध्ये पडून माझ्या वतीनं बोलायचात. मला वाटलं, आताही तुम्ही काहीतरी बोलाल आणि पोरीचं समाधान होईल. ती तशीच मान वाकडी करून थांबली. मग फाटकातून भाबींनी हाक मारली आणि ती गेली.